आप्पांची कळकलेली काडतुसं

काउंटरमागच्या काकांनी माझा परवाना शेवटच्या पानापर्यंत उलटून पाहिला. पन्नास काडतुसांचं खोकं पुढे सरकवायचं सोडून त्यांनी विचारलं, "घरात जुनी किती आहेत?"

"अठरा."

"मग बत्तीस मिळतील."

मला वाटलं, ते बोअर, म्हणजे नळीच्या आतलं माप, सांगतायत. बत्तीस बोअरचीच तर हवी होती मला. पण काका वजाबाकी सांगत होते. परवान्यावर लिहिलेलं होतं, एकावेळी ५०, वर्षाला १००. 'एकावेळी' म्हणजे घरात त्या दिवशी असलेली सगळी धरून. आप्पांची, म्हणजे वडिलांची, अठरा जुनी काडतुसं माझ्या पन्नासात जागा अडवून बसली होती. तीही कशी, तर काकांनी मोबाइलवरचा फोटो बघून मान फिरवली अशी.

आमचा धंदा गलाईचा. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची माणसं देशभर जिथं सराफ बाजार आहे तिथं भट्टी मांडून बसलेली असतात. आजोबा विट्याहून मुंबईच्या झवेरी बाजारात आले, आप्पांनी भट्टी वाढवली, आता मी बसतो. सोनं येतं, वितळतं, शुद्ध होतं, जातं. आपलं त्यातलं काहीच नसतं, पण रात्री कारखान्यात ते आपल्या जिवावर असतं. त्या जिवासाठी आप्पांनी कधीकाळी कानपूरच्या सरकारी कारखान्याची रिव्हॉल्व्हर घेतली होती. सहा गोळ्यांच्या फिरत्या चक्रीची, मधून मोडणारी. बिजागरीवर नळी खाली वाकते आणि सहाही पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची पितळी नळकांडी, एकदम वर उचलल्या जातात. जुन्या ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या घडणीवर बेतलेली आहे ती. जड, ओबडधोबड, पण समजायला सोपी.

आप्पा सत्तरीचे झाले आणि घरात विषय निघाला. २०१६ च्या शस्त्र नियमांत सोय आहे, परवानाधारकाला सत्तर पूर्ण झाली किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झाली, की वारसाच्या नावानं परवान्यासाठी अर्ज करता येतो. तो सगळा प्रवास इथं लिहीत बसत नाही. अर्ज, पोलीस ठाण्याची चौकशी, शेजाऱ्यांना विचारणा, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, आयकराची कागदपत्रं, आणि "साहेब आज नाहीत". जुलै २०२४ मध्ये पुस्तिका हातात आली. पाच वर्षांसाठी. पूर्वी तीन असायची, २०१९ च्या दुरुस्तीनं पाच झाली.

परवाना येईपर्यंत मी रात्री भट्टी विझल्यावर अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ बघायचो. जेलीच्या ठोकळ्यात गोळ्या मारून कोणती किती खोल गेली ते मोजतात. स्वस्तात मस्त दहा काडतुसं, वगैरे. वहीत टिपणंसुद्धा काढली. त्यातलं जवळजवळ काही इथं चालत नाही. ते लोक बोलतात नऊ मिलिमीटर, अडतीस, पंचेचाळीस. आपल्याकडे हे सगळे निषिद्ध बोअर, लष्कर आणि पोलिसांचे. सामान्य परवानाधारकाच्या हातात हातबंदूक म्हणून बहुधा बत्तीसच येते. आणि बत्तीसमध्येसुद्धा दोन जाती आहेत, हे मला मेहुण्यामुळं कळलं.

मेहुणा विट्याला असतो. त्याच्याकडे बत्तीसचं पिस्तूल. फोनवर म्हणाला, "भावजी, विकत कशाला घेताय? माझ्याकडं वीस पडल्यात, न्या की." फुकटापेक्षा स्वस्त काय असणार? मी जवळजवळ हो म्हणालो होतो. फोर्टातल्या दुकानात सहज बोलून गेलो तर काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

त्यांनी कपाटातून दोन काडतुसं काढून काचेवर शेजारी-शेजारी उभी केली. एक लांब, एक बुटकं. लांब ते रिव्हॉल्व्हरचं, स्मिथ अँड वेसन लाँग, पुंगळी २३ मिलिमीटर. हे काडतूस १८९६ पासून चालत आलंय. बुटकं ते पिस्तुलाचं, ब्राउनिंगनं काढलेलं, पुंगळी १७ मिलिमीटर, आपल्याकडे त्याला ७.६५ पण म्हणतात. गोळीची जाडी जवळजवळ सारखी, म्हणून दोघांचं नाव बत्तीस.

"बुटकं तुमच्या चक्रीत शिरेलसुद्धा," काका म्हणाले. "शिरतं म्हणून चालतं असं नसतं. दाब वेगळा, बुडाचा काठ वेगळा, त्या जुन्या रिव्हॉल्व्हरला ते झेपायचं नाही. आणि दुसऱ्याच्या परवान्यावरची गोळी तुमच्या घरात सापडली तर तुम्ही दोघं आत. मेहुण्याला सांगा, दिवाळीला करंज्या पाठव."

काका सावंतवाडीचे. पस्तीस वर्षं त्याच काउंटरवर. त्यांना विक्रीची घाई कधीच नव्हती. दुकानदारीच्या दृष्टीनं हे वाईट असेल, पण मला त्यांच्याकडे परत-परत जावंसं वाटायचं ते त्यामुळंच.

मग मी मुद्द्यावर आलो. परवडणारं आणि भरवशाचं काय आहे?

कपाटात माझ्या कामाचं मुळात दोनच प्रकारचं होतं. एक आपलं, खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं. बुडावर के-एफ अक्षरं, खोक्यावर लॉट नंबर आणि साल. खडकीचा कारखाना १८६९ चा. ऑर्डनन्स बोर्ड मोडून १ ऑक्टोबर २०२१ पासून सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा तो पुण्यातल्याच म्युनिशन्स इंडियाकडे गेला, पण काउंटरवर अजून सगळे 'केएफ'च म्हणतात. दुसरं परदेशी, कुठल्या तरी जुन्या आयातीतलं उरलेलं अर्धं खोकं. एका परदेशीत देशी तीन आली असती. दिसायला मात्र परदेशी देखणं. पितळ आरशासारखं, गोळ्यांची रांग दागिन्यासारखी.

"तिप्पट पैशात तिप्पट काय मिळतं?" मी विचारलं.

"खोकं चांगलं मिळतं," काका म्हणाले. मग जरा गंभीर झाले. "वाईट नाही हो ते. पण पुढच्या वर्षी हेच मिळेल का, मला सांगता येणार नाही. तुम्ही एका गोळीवर हात बसवणार आणि कमरेला दुसरीच लावणार, असं नको. जी कायम मिळेल ती घ्या."

हे मला पटलं. आमच्याकडेही मूस बदलली की पहिले चार-दोन घाणे चुकतात.

पोकळ टोकाच्या, लागल्यावर उमलणाऱ्या गोळीचं मी विचारलं, व्हिडिओचा परिणाम. काकांनी त्याचं उत्तर द्यायचं टाळलं आणि एका फोन नंबरची चिठ्ठी दिली. "नेमबाजीच्या रेंजवर सुभेदार आहेत, त्यांना विचारा. आणि ती अठरा आधी संपवा, नाहीतर जमा करा. मग या, पन्नास देतो."

त्या रात्री मी आप्पांची काडतुसं गादीवर पसरली. चामड्याच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं खोचून ठेवलेली. पितळ हा माझ्या रोजच्या बघण्यातला धातू, त्यामुळं नुसत्या नजरेनं सांगता आलं. सहांवर हिरवा कळंक चढला होता, चामडं टेकायचं तिथं गोल कडं धरलेलं. चामडं कमावताना वापरलेली रसायनं आणि मुंबईची दमट हवा, पितळेला याहून वाईट सोबत नाही. बाकीच्या बारा काडतुसांवर तांबूस-पिवळे डाग होते, ते कशाचे ते कळेना. बोटानं खरवडलं तर वास ओळखीचा आला. हळद!

आमच्यात खंडेनवमीला हत्यारं पुजतात. भट्टी, मुशी, सांडशी, तराजू, सगळं. आप्पांनी रिव्हॉल्व्हरबरोबर काडतुसांनाही दर वर्षी हळद-कुंकू वाहिलं होतं, वर फुलाच्या पाण्याचा थेंब. वीस-बावीस वर्षं तरी.

"आप्पा, ह्यांना पाणी लावायचं नसतं."

"देवाचं पाणी ते," आप्पा म्हणाले. विषय संपला.

सुभेदार साताऱ्याकडचे, सैन्यातून निवृत्त होऊन रेंजवर शिकवतात. त्यांनी आधी कळकलेली सहा बाजूला काढली. "ही मारायची नाहीत. पुंगळीची भिंत खाल्लेली असते, चक्रीत अडकेल, फुटेल." उरलेली बारा घासून-पुसून नव्हे, नुसती कोरड्या फडक्यानं पुसून घेतली. तेल लावू का म्हणालो तर ओरडलेच. काडतुसाला तेल कधी लावायचं नाही, बुडाशी जी ठिणगी पाडणारी टोपी असते तिच्या फटीतून ते आत झिरपतं आणि बार मरतो. रिव्हॉल्व्हर साफ केल्यावरही चक्रीची भोकं कोरडी करूनच गोळ्या भरायच्या. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तर नव्या काडतुसांना तेलात घोळवूनच ठेवणार होतो.

पहिल्या सहापैकी पाच वाजल्या. एकीवर घोडा नुसता टक करून पडला. मी रिव्हॉल्व्हर खाली घ्यायला लागलो तसा सुभेदारांचा हात माझ्या मनगटाखाली आला. "समोरच धर. तीस मोज." कधी-कधी बार उशिरा पेट घेतो. मी तीस मोजले. काही झालं नाही. फुसका बार हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो, हातात धरून तीस आकडे मोजले की तो तितका सहज राहत नाही.

दुसरी चक्री. एक, दोन, ठीक. तिसऱ्याला आवाज आला, पण ढम् नाही. 'फुस्'. सायकलची हवा गेल्यासारखा. हाताला धक्काही जाणवला नाही. माझं बोट सवयीनं पुन्हा चापावर दाबायला निघालं होतं.

"थांब!"

सगळी रेंज थांबली. सुभेदारांनी माझ्या हातातून रिव्हॉल्व्हर घेतली, मोडली, पुंगळ्या काढल्या, आणि नळी उजेडाकडे धरून मला डोळा लावायला लावला. पलीकडचा उजेड दिसत नव्हता. दारू सादळलेली, नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यापर्यंत जाऊन रुतून बसली होती. चौथी मारली असती तर ती तिच्या पाठीवर आदळली असती. नळी फुगली असती किंवा फाटली असती, आणि माझा हात तिच्या मागेच होता.

गोळी पितळी गजानं ठोकून काढली. शिश्याची, मऊ, नळीतल्या आट्यांचे वळसे तिच्या अंगावर उमटलेले. ती मी खिशात टाकली. सुभेदारांनी परत मागून घेतली.

चहा पिताना मी त्यांना पोकळ टोकाचं विचारलं. ते हसले. बत्तीस लाँगची गोळी सेकंदाला दोनशे-सव्वादोनशे मीटरनं जाते. टोक उमलायला वेग लागतो, तेवढा हिच्यात बहुतेक वेळा नसतोच. "ह्या गोळीचं नाव नेमबाजांना विचार," ते म्हणाले. पंचवीस मीटरच्या सेंटर फायर पिस्तूल स्पर्धेत हेच काडतूस वापरतात, फक्त सपाट तोंडाचं, कागदाला पंच केल्यासारखं गोल भोक पाडणारं. त्याची ख्याती नेमाची आहे, ताकदीची नाही. सपाट तोंडाचं मग मला का नको? कारण ते खेळाडूंसाठी, महाग, आणि घाईत चक्रीत भरताना टोक नसल्यानं भोकाच्या काठावर अडतं. घाबरलेल्या माणसाची बोटं आधीच थरथरत असतात.

"तुझं बजेट काय ते सांग," सुभेदार म्हणाले. मी आकडा सांगितला. "त्यातले निम्मे इथं उडव."

मला ते त्या वेळी रेंजची जाहिरात वाटली, हे कबूल करतो.

उरलेली दहा काडतुसं, म्हणजे सहा कळकलेली, तीन न मारलेली आणि तो एक फुसका बार, पोलीस ठाण्यात अर्ज लिहून जमा केली. ही गोष्ट कचऱ्यात टाकायची नाही, समुद्रात फेकायची नाही, भट्टीत तर नाहीच नाही. आमचा एक कारागीर सहज म्हणाला होता, "शेठ, मुशीत टाकू का, पितळ निघेल." ठाण्यात तिघांनी तीन टेबलांवर पाठवलं, शेवटी पोच मिळाली. त्या पोचेची झेरॉक्स आणि रेंजवर गोळा केलेल्या आठ पुंगळ्या घेऊन मी परत काकांकडे गेलो. पुंगळ्या मागतील-न मागतील, आपण जपून ठेवाव्यात, हिशेब विचारला तर दाखवता येतो, हेही त्यांनीच सांगितलेलं.

त्या दिवशी काकांनी पन्नासचं खोकं काढलं. केएफ, साधी गोल टोकाची शिश्याची गोळी. मी प्रत्येक काडतूस उचलून पाहिलं, आणि काकांनी पाहू दिलं. बुडाची टोपी पुंगळीच्या पातळीत आहे का, वर आलेली नाही ना. गोळी पुंगळीत घट्ट आहे का, बोटानं फिरत नाही ना. पितळेला पोचा, चीर, डाग. सोन्याचा टंच बघणाऱ्याचा डोळा म्हणा, दोन मला खटकली, ती त्यांनी बदलून दिली, त्याच लॉटमधली. लॉट एकच ठेवायचा हा माझा हट्ट. वीस मारून बघायच्या, वीसही वाजल्या तर त्याच कुळातल्या उरलेल्या तीसांवर विश्वास टाकायचा. चार खोक्यांतून चार-चार घेतल्या तर परीक्षा कुणाची झाली तेच कळत नाही.

मूळ परवान्याशिवाय काही मिळत नाही, झेरॉक्स चालत नाही. परवान्याच्या पानावर तारीख, नग, शिक्का. दुकानाच्या वहीत माझ्या परवान्याचा युनिक नंबर, सही. बिल पाच आकड्यांच्या जरा अलीकडे थांबलं. परदेशी घेतली असती तर याच पैशात सोळा-सतरा आली असती, आणि मी त्यातली एकही रेंजवर उडवली नसती. माझा स्वभाव मला माहीत आहे. महाग वस्तू आपण वापरत नाही, जपतो. आप्पांनी तेच केलं होतं.

पुढच्या रविवारी वीस मारल्या. वीसही वाजल्या. दहा मीटरवर पहिल्या सहा कुठं गेल्या ते सांगत नाही. शेवटच्या सहापैकी चार ताटलीएवढ्या वर्तुळात होत्या. सुभेदार म्हणाले, बरं आहे, म्हणजे वाईट होतं. घरी येऊन साबणानं हात धुतले. शिश्याशी आमची जुनी ओळख, ते नखात राहू द्यायचं नसतं. नळीतही ते लेपासारखं चिकटतं, ब्रशनं काढावं लागतं. शिश्याची गोळी स्वस्त पडते, तिची ही वरकड मजुरी.

एक गोष्ट मला कुणी शिकवली नाही, ती झवेरी बाजारात उभं राहून कळली. संध्याकाळी सहा वाजता त्या गल्लीत हातगाडी, कारागीर, गिऱ्हाईक, चहावाला पोरगा, अंगाला अंग. तिथं गोळी कोणत्या कंपनीची याला काही अर्थ नाही, कारण ती मारताच येणार नाही. कारखान्यातली भिंत प्लायची, पलीकडे बंगाली कारागीर झोपतात. रात्री दारात कोणी आलं तर कुठं उभं राहायचं, कोणत्या दिशेला नळी कधीच न्यायची नाही, हे मी खडूनं जमिनीवर आखून पाहिलं. ओळखीच्या वकिलांनी जुलैतच लागू झालेली भारतीय न्याय संहिता काढून दाखवली. कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची, पूर्वी भारतीय दंड संहितेत ९६ ते १०६. त्यातलं ३७ त्यांनी दोनदा वाचून घेतलं. बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करायचा हक्क नाही. चोर पळायला लागला, की तुमची रिव्हॉल्व्हर खिशात.

काडतुसं आता चामड्याच्या पट्ट्यात नाहीत. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, डबा तिजोरीत वेगळ्या खणात. रिव्हॉल्व्हरमधली सहा दर वर्षी काढून रेंजवर मारायची आणि नवी सहा भरायची. बॅगा पण वेगळ्या केल्या. रेंजची बॅग प्रवासाला न्यायची नाही, कारण कोपऱ्यात एक काडतूस विसरून विमानतळावर पकडले गेलेले लोक आपण बातम्यांत बघतो, आणि त्यातले बरेच माझ्यासारखेच परवानाधारक असतात.

मग खंडेनवमी आली. पाटावर भट्टीचं सगळं सामान मांडलं, मधोमध रिव्हॉल्व्हर, रिकामी करून. आप्पांनी तबक घेतलं आणि इकडं-तिकडं पाहिलं.

"गोळ्या कुठं हायत?"

"डब्यात."

"काढ की."

"न्हाई आप्पा. डब्याला लावा."

आप्पा जरा वेळ गप्प बसले. मग हळदीत बोट बुडवून डब्याच्या झाकणावर ठसठशीत टिळा लावला, वर कुंकू, वर झेंडूचं फूल. फुलाचं पाणी झाकणावरून ओघळलं. मी ते पुसायला हात पुढे केला, आणि मागं घेतला. झाकण घट्ट होतं.

दसरा झाला शनिवारी, आणि मंगळवारी, १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. थोड्याच दिवसांत नोटीस आली, शस्त्र जमा करा. ठाण्यातल्या हवालदारांनी रिव्हॉल्व्हरचा नंबर लिहून घेतला आणि डबा उघडून मोजायला घेतलं. तीस. पुन्हा मोजलं. तीस. वहीत लिहिलं.

"झाकणावर हे काय?"

"वडिलांनी लावलंय."

त्यांनी वर पाहिलं, काही बोलले नाहीत. झाकण लावताना मात्र अंगठा टिळ्याच्या बाजूनं धरला.